बाळाची खुंटी

गळ्याशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी पदरचं घातलं असेल तर माझी जीभ झडो, उरलेसुरले दात पडोत आणि शेवटचं पाणी पाजायलाही कुणी जवळ नसो. ज्यांना आत्ताच खोटं वाटायला लागलंय त्यांनी खुशाल उठावं, दार उघडंच आहे. बसलात? मग मधे मधे बोलू नका.

तर ती पलंगाच्या कडेला बसून बूट काढत होती. देश परका, शहर परकं, आणि हॉटेलची खोली म्हणजे एका पलंगाभोवती कशाबशा उभ्या केलेल्या चार भिंती. एक बूट निघाला होता. दुसऱ्याच्या नाडीला अशी निरगाठ बसली होती की नखांनी हात टेकले होते. दिवसभर ती प्रदर्शनात उभी होती. कसलं प्रदर्शन, तर कवळ्यांचं. हसू नका, असतात तसली प्रदर्शनं. देशोदेशीचे कवळ्या करणारे एका भल्यामोठ्या छपराखाली जमतात आणि एकमेकांच्या हिरड्यांचे रंग बघतात. हिचं कामच ते. डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतो, आणि ही आपल्या शहरात, तळमजल्याच्याही खालच्या एका लांबट खोलीत, दिव्याखाली मान घालून त्या मापावर कवळी बसवते. माणूस कधी दिसत नाही. दिसतं ते त्याचं तोंड, तेही प्लास्टरचं, मुकं. आयुष्यभर हे करून तिचं असं झालं होतं की चेहरे तिच्या लक्षात राहत नसत, जबडे राहत. आणि आता प्रदर्शनातल्या एका कंपनीने फुकट दिलेल्या नमुन्यांची पिशवी पायाशी पडली होती, पाठ भरून आली होती, आणि हा थकवा झोपेने जाणाऱ्यातला नाही हे तिला गेलं वर्षभर माहीत होतं. बाप गेल्यापासूनचा होता तो. माणूस बरेच दिवस ओझं उचलून उभा असतो, मग ओझं काढून घेतात, आणि हात आपले तसेच वर राहतात, तसला थकवा. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, मी धाकली. तुझ्या काकांची धाकली." या चुलतबहिणीला तिने जन्मात पाहिलं नव्हतं. बाप याच देशातला, इथून बसने अर्ध्या दिवसावरच्या खेड्यातला. पण तो तरुणपणी जो निघाला तो परत फिरकला नाही, आणि ही जन्मलीच तिकडे. आता कामासाठी का होईना इथवर आलोच आहोत तर जाऊन येऊ, म्हणून तिने आधी कळवलं होतं. "उद्या सकाळच्या बसने निघताय ना दोघं?"

"दोघं कोण?"

"दोघं म्हणजे तू आणि बाळ. आत्याने कालपासून दारातून बूड हलवलेलं नाही. म्हणते, माझा बाळ येतोय."

तिने हातातल्या बुटाकडे पाहिलं. ती एकुलती एक होती. तिच्या घरात जेवायच्या टेबलाला तीन खुर्च्या होत्या आणि चौथी कधी लागली नाही. आईला दुसरं मूल होणार नाही हे डॉक्टरांनी हिच्या जन्मावेळीच सांगून टाकलं होतं, आणि आई ते येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगायची, जसं काही बक्षीस मिळालंय. ताजंतवानं माणूस असतं तर म्हणालं असतं, कोण बाळ, कुणाचा बाळ, चुकीच्या घरी फोन लागलाय बाई. पण ती दमली होती, नाडी सुटत नव्हती, आणि फोनमधला आवाज इतका खुशीत होता की त्याला टाचणी लावायलाही अंगात त्राण हवं. "त्याला नाही जमलं," ती म्हणाली.

धाकली म्हणाली, "असू दे. तू ये. आत्याला मी सांगते हळूहळू."

फोन ठेवल्यावर ती तशीच बसून राहिली. आपल्या तोंडून एक माणूस बाहेर पडला होता. भाऊ. धाकटा, बाळ म्हणतायत म्हणजे धाकटाच. त्याला नाही जमलं म्हणजे तो आहे, कुठेतरी आहे, कामात आहे. शेवटी तिने कात्रीने नाडी कापली.

सकाळी बसमध्ये खिडकीच्या काचेला कपाळ टेकून ती बापाचे रविवार आठवत राहिली. दर रविवारी बाप आतल्या खोलीत जाऊन गावाला फोन करायचा, दार लावून. ती आणि आई बाहेर आवाज न करता बसायच्या. आई म्हणायची, रडत असेल, रडू दे. दारातून नुसता सूर यायचा, शब्द नाही, आणि तो सूर रडण्याचा नव्हता हे तिला आत्ता, या बसमध्ये लक्षात आलं. तो सूर रंगात आलेल्या माणसाचा होता. गोष्ट सांगणाऱ्याचा. आणि दुसरं एक. बाप अधूनमधून उठायचा, माळ्यावरून मोठी बॅग काढायचा, म्हणायचा, या वर्षी जाऊन येऊ गावाला, पोरीला दाखवू. दोनचार कपडे भरायचा. मग पाठ धरायची. चांगली धरायची, आडवाच व्हायचा, आणि बॅग परत माळ्यावर गेली की दुसऱ्या दिवशी टुणटुणीत. आई चिडवायची, तुमच्या पाठीला बॅगेची ॲलर्जी आहे म्हणून. सगळे हसायचे, बापही. आता काचेवर कपाळ दणदण आपटत असताना तिला ती पाठ लख्ख समजली. एकटीला घेऊन कसा जाणार होता तो? दुसरं पोर कुठून आणणार होता? एक नसलेला मुलगा वाटेत आडवा पडला होता आणि त्याला ओलांडून बापाला चाळीस वर्षं स्वतःच्या घरी जाता आलं नाही.

बस थांबली तेव्हा घरासमोरच थांबली. घर काही फार जुनं नव्हतं. पत्र्याचं छप्पर, पुढे सिमेंटचा ओटा, बाजूला नव्या फरशीची न्हाणी, मागे सफरचंदांची पाचसहा झाडं. ओट्यावर आत्या. बापाची थोरली बहीण. बाप म्हणायचा, हिने मला कडेवर घेऊन वाढवलं, हिच्या कंबरेचा आकारच माझ्यामुळे बिघडला. आत्या उठली, हिच्या खांद्यांना धरलं आणि खांद्यावरून मागे बघितलं. बस निघून गेली, धूळ खाली बसली, तरी आत्या बघतच होती, जशी काही बसच्या खालून कुणी सरपटत निघणार होतं. मग म्हणाली, "आलीस. बरं झालं." ते 'बरं' तोंडातून फुसफुसत आलं. हिने सवयीने ओठांकडे पाहिलं. गाल आत बसलेले, हनुवटी नाकाला भेटायला निघालेली. वरची कवळी नाही. कधीपासून नाही? बरेच महिने. ही तोंडाची घडी लगेच पडत नाही.

आतल्या बोळात भिंतीवर जुन्या घरातून काढून आणलेली एक लांब फळी होती आणि फळीला लाकडी खुंट्या. धाकली उत्साहाने दाखवायला लागली. घरात मुलगा जन्मला की एक खुंटी ठोकायची, अशी या घरची रीत. ही आजोबांची. ही माझ्या बाबांची. ही तुझ्या बाबांची, आत्या आता हिच्यावर आपला स्वेटर टांगते, हक्काने. "आणि ही बाळाची." ती खुंटी रिकामी होती. बाकीच्या वापरून काळ्या पडल्या होत्या. ही पुसून पुसून पिवळी, गुळगुळीत, एखाद्या कधी न चावलेल्या दातासारखी.

"आणि मुलींच्या?"

"मुली काय, जातात ना," धाकली म्हणाली. "मी गेले नाही, उलट नवऱ्यालाच इकडे आणलं, तर त्याला मिळाली. मी दाराच्या कडीला अडकवते." आणि हसली. "आण, तुझा कोट खुर्चीवर ठेवू."

कोट खुर्चीवर गेला. पाहुण्यांचा जातो तसा. तिला त्याचं वाईट वाटलं नाही, निदान तेव्हा नाही. वाईट वाटायलाही थोडी विश्रांती झालेली असावी लागते.

आणि मग सुरू झालं. धाकलीचा नवरा भाड्याची जीप चालवायचा, त्याला सगळे ड्रायव्हरच म्हणत, बायकोसुद्धा. त्या ड्रायव्हरने तिला जीपमध्ये घातलं आणि आजूबाजूच्या गावांतून फिरवलं, कारण प्रत्येक गावात कुणीतरी चुलत, मावस, कुणाचा कोण. प्रत्येक घरी बसायचं, खायचं, आणखी थोडं खायचं, आणि प्रत्येक घरी पहिला प्रश्न, बाळ कसा आहे? पहिल्या घरी ती म्हणाली, बरा आहे. दुसऱ्या घरी एक बहिरे काका होते, त्यांना ओरडून सांगावं लागलं, बरा आहे, आणि ओरडून सांगितल्यामुळे ते जास्त खरं झालं. तिसऱ्या घरी 'बरा' एवढ्यावर भागेना. मग तिने त्याला ॲसिडिटी दिली. तिची स्वतःचीच होती, जवळ होती ती दिली. चौथ्या घरी त्याचं लग्न मोडलं. तिथली बाई हळहळली, म्हणाली, तरी मला वाटलंच होतं, फार कामात असतो तो. मग ही सांगतच गेली, त्याला रात्री झोप लागत नाही. त्याचा गुडघा धरतो. तो माणसांत फार मिसळत नाही. बोलता बोलता तिला कळून चुकलं की आपण चांगलं बोलतोय. शब्द आपसूक येत होते, कुठे थांबायचं, कुठे हात हलवायचा, सगळं येत होतं. दार लावून बोलणाऱ्या माणसाची ती मुलगी होती. तिची भाषासुद्धा त्याचीच होती, चाळीस वर्षांपूर्वीची. पोरंटोरं हसायची, म्हणायची, ही तर आजोबांसारखं बोलते.

पण एक भलतंच व्हायला लागलं. तिने एक सांगितलं की ते चार सांगत. तो त्यांना तिच्याहून जास्त माहीत होता. बाळ दातांचा मोठा डॉक्टर होता. "तुझा बाप म्हणायचा, त्याने केलेली कवळी घालून म्हातारी माणसं चुंबन घ्यायला लागतात." हे बाप घरात एकदा म्हणाला होता, हिच्याबद्दल, जेवताना, आणि ती लाजून उठून गेली होती. एका घरी एक आजी म्हणाल्या, "काय पोरगा दिला देवाने. लिफ्ट बंद पडली तर बापाला पाठीवर घेऊन जिने उतरला म्हणे." तिने कप खाली ठेवला. पाठीवर बाप. त्याची हनुवटी तिच्या खांद्यावर टोचत होती, आणि प्रत्येक वळणावर तो म्हणत होता, थांब, दम घे. ती थांबली नव्हती, कारण थांबली असती तर परत उचलता आला नसता. "आणि आंघोळ घालताना पाणी आधी स्वतःच्या मनगटावर बघायचा," आजी म्हणाल्या. "आईसुद्धा इतकं नाही बघत."

परतीच्या वाटेवर जीप खड्ड्यांतून जात होती. म्हणजे बापाने पाहिलं होतं. सगळं पाहिलं होतं. ते मनगटावरचं पाणीसुद्धा, जे तिला स्वतःला धड माहीत नव्हतं, हात आपोआप करत होता. तिला तो कधी काही म्हणाला नाही. बरं वाटलं, नाही; छान केलंस, नाही; फार तर, आज पाणी बरं होतं. आणि रविवारी दार लावून तो हे सगळं इकडे पाठवत होता, एकही वस्तू न हरवता, फक्त पत्ता दुसऱ्याचा घालून. इतकी माया या मुलखात घराघरांत जपून ठेवलेली होती, आणि ती तिचीच होती, आणि ती मागायची तर आधी बापाला खोटं पाडायला हवं. मेलेल्या माणसाला त्याच्याच घरात. नाही मागायची, तर बाळ कसा आहे याचं उत्तर देत खुर्चीवरच्या कोटासारखं बसायचं आणि निघून जायचं. तिने डोळे मिटले. ड्रायव्हर म्हणाला, "दमलात ताई."

"कसं सुरू झालं हे?" तिने विचारलं. "म्हणजे, बाळाचा जन्म इकडे कसा कळला?"

"ते तर सगळ्या गावाला पाठ आहे," मागच्या सीटवरून धाकली म्हणाली. "आपली आजी जायला टेकली होती. डोळे फिरवले होते, तोंडात पाणी घातलं होतं. तेवढ्यात शेजारच्या दुकानात तुझ्या बाबांचा फोन आला. दुकानदार धावत आला, म्हणाला, मुलगा झाला म्हणून सांगतायत. आजी उठून बसली. म्हणाली, खुंटी ठोका. आणि मग जगली की. जगली म्हणजे काय, माझ्या बाबांना रागावण्याइतकी, माझं लग्न मोडता मोडता राहण्याइतकी जगली. जातच नव्हती."

तिला हसू आलं. पोटातून, बरगड्या दुखवत. स्वतःच्या आईच्या मरणाला उशीर व्हावा म्हणून एक मुलगा दिला बापाने, आणि म्हातारीने तो परत घ्यायला सवडच दिली नाही. धाकलीही हसली, का ते न कळता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिची बस होती. सकाळी ओट्यावर आत्या वाटीतलं काहीतरी बोटाने घोळवून गिळत होती. मागच्या झाडांची सफरचंदं टोपलीत होती, हिरवी, घट्ट, आणि आत्या मधून मधून त्यातलं एक उचलायची, हुंगायची, परत ठेवायची.

"आत्या, वरची कवळी कुठे आहे तुझी?"

"आहे. मोडली. मधोमध." आत्याने कंबरेला खोचलेली डबी काढली, पत्र्याची, गोळ्यांची. झाकण उघडलं नाही. "बाळ आला की करील."

"कधीची मोडलीय?"

"मागच्या फळांच्या वेळी."

म्हणजे वर्ष झालं. धाकली दारातून म्हणाली, "ड्रायव्हर दहादा म्हणाला, बाजारच्या गावी नेतो, तासाभराचं काम आहे. ऐकेल तर ना. घरात दातांचा डॉक्टर असताना परक्यापुढे तोंड उघडणार नाही म्हणते. वाळली बघ कशी. मागच्या थंडीत तर आम्हाला वाटलं होतं, गेलीच."

तिने आत्याच्या मनगटाकडे पाहिलं. बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. आजीला जगवणारा बाळ आता आत्याला उपाशी मारत होता, कुणाच्या लक्षातही न येता, सगळ्यांच्या लाडात. तिला त्या न झालेल्या माणसाचा असा संताप आला, जसा सख्ख्या भावाचाच येतो. सगळं याने घेतलं, पाठीवरचा बाप घेतला, मनगटावरचं पाणी घेतलं, आणि कामाच्या वेळेला हा गायब.

"दे इकडे," ती म्हणाली. "मी करते. माझंही तेच काम आहे, आत्या."

आत्याने डबी पोटाशी धरली. "तू कशाला. तू पाहुणी. त्याचं काम त्याला करू दे."

आता बोलायला हवं होतं. तोंडात वाक्य तयार होतं, आत्या, बाळ असा कुणी नाही, मीच ती, बापाला घेऊन जिने उतरले मीच. नुसतं सोडायचं होतं. आत्या तिच्याकडे बघत होती, बापाचे डोळे, जरा पाणथळ, कसलीच शंका नसलेले. तिला एकदम पुढचं सगळं दिसलं. हे वाक्य सोडलं की आत्याच्या चेहऱ्यावरून कोण कोण उतरेल ते. आधी बाळ. त्याच्या मागोमाग बाप. चाळीस वर्षांचे रविवार. आणि डबी मग उघडेल का? की नुसती पोटाशी तशीच राहील?

"त्यानेच पाठवलंय मला," ती म्हणाली. "सामान देऊन. म्हणाला, मला जमत नाही, तू जा, आणि आत्याची कवळी करून ये."

"असं म्हणाला?"

"हो."

"मोडलीय हे त्याला कसं कळलं?"

ती अडखळली. "बाबा बोलले असतील."

तुझा बाप जाऊन वर्ष झालं, कवळी त्याच्या नंतर मोडली, असं आत्या म्हणू शकली असती. म्हणाली नाही. डबी उघडली.

नमुन्यांच्या पिशवीत कवळी सांधायची पावडर होती, लिक्विडची बाटली होती, मेणाची कांडी होती, कानशी होती. प्लास्टर ड्रायव्हरने शेजारच्या बांधकामावरून कागदात बांधून आणलं. कामाला खुर्ची हवी होती, म्हणून तिने खुर्चीवरचा कोट उचलला, आणि हातात घेऊन बोळात गेली, आणि दुसरी रिकामी खुंटी नव्हती. तिने टांगला. धाकलीने एकदा आत्याकडे पाहिलं. आत्या बाटलीकडे बघत होती.

मग ती कामाला बसली आणि आल्यापासून प्रथमच तिच्या खांद्यांची ओढ सुटली. दोन तुकडे घासून धुतले, जुळवले, मेण वितळवून वरून टाचले, काडी आडवी लावली. आतून तेलाचा हात दिला आणि प्लास्टर ओतलं. "आ कर," आत्याला म्हणाली, आणि प्लास्टर घट्ट होईपर्यंत अंगठ्याने तिची वरची हिरडी चाचपली, कुठे दुखतं ते बघायला. अंगठा आत गेला आणि थांबला. हा टाळू तिला माहीत होता. मधे खोल, डावीकडे एक उंचवटा, हरभऱ्याएवढा. बापाच्या शेवटच्या कवळीच्या वेळी या उंचवट्याने तिला तीनदा कवळी कोरायला लावली होती. त्याच्या तोंडाचा साचा अजून त्या तळघरातल्या फडताळात होता. फेकू म्हणता म्हणता फेकवला नव्हता. आणि इथे तो गरम होता, ओला होता, श्वास घेत होता. तिने अंगठा काढायला हवा होता, पण जरा वेळ तसाच ठेवला. आत्यानेही तोंड मिटलं नाही.

भेगेवर तिने कानशीने खाच केली, थेंब थेंब लिक्विड, वर पावडर, पुन्हा थेंब. तो उग्र, गोडसर वास स्वयंपाकघरात भरला. धाकलीने नाकाला पदर लावला. आत्याने मात्र मान पुढे करून हुंगलं.

"हाच का तो वास?" आत्या म्हणाली. "तुझा बाप सांगायचा. बाळ घरी आला की त्याच्या आधी त्याचा वास घरात येतो. आणि मग मला झोप लागते, म्हणायचा."

ती मान खाली घालून पावडर टाकत राहिली. थोडी जास्त पडली. नंतर घासून काढावी लागली.

कोमट पाण्यात ठेवली, वर भांडं पालथं घातलं, मग कानस, मग पॉलिश कागद, मग ओल्या फडक्यावर दात घासायची पावडर घेऊन चकाकी. उंचवट्यापाशी तिने आधीच कोरून ठेवलं, न विचारता. आत्याने कवळी बसवली, दात मिटले, उघडले, मिटले. गाल वर आले. दहा वर्षं मागे गेल्यासारखी दिसली, आणि बापासारखी इतकी की हिने हात धुवायच्या निमित्ताने पाठ फिरवली. मागे कर्रकन आवाज झाला. हिरवं सफरचंद.

बस आली तेव्हा ड्रायव्हरने पिशवी वर चढवली. धाकलीने गळ्यात पडून घेतलं. ही पायरीवर चढली आणि मग आत्याने हाक मारली, "पोरी, कोट राहिला की तुझा. खुंटीवर."

"राहू दे," ती म्हणाली.

"राहू दे मग," आत्या म्हणाली. तोंडातला घास गिळला, तिच्याकडे सरळ पाहिलं. "तुझीच खुंटी आहे ती. न आलेल्या माणसाला कसला आलाय कोट."

आणि बस निघाली.

आता तुम्ही असे बघता आहात, म्हणून सांगून टाकते. हे शेवटचं आत्या म्हणाली नाही. एवढं एक मी पदरचं घातलं. इतक्या लांब आलेल्या पोरीला कुणीतरी ते म्हणायला हवं होतं, आणि कुणी म्हणेना, तेव्हा मीच आत्याच्या तोंडी घातलं. खरं झालं ते असं, की बस सुरू झाली, आत्या सफरचंद चावत खिडकीपाशी आली आणि म्हणाली, "बाळाला म्हणावं, कवळी छान बसली. कुठेही टोचत नाही."

"सांगते," ती म्हणाली.

कोट मात्र खरा. तिथेच आहे, बाळाच्या खुंटीवर. आत्या अधूनमधून त्याची धूळ झटकते, असं धाकली सांगते.